कुणाकडे पिन आहे का?

पडदा नव्हताच. दिवे लागले तेव्हा साठी उलटलेला एक गृहस्थ चामड्याचं जॅकेट अंगात चढवायची खटपट करत होता. एक बाही गेली, दुसरीही गेली, पण पोटावर चेन काही जुळेना. श्वास आत ओढून झाला, प्रेक्षकांकडे पाठ करून झाली. शेवटी "एवढी थंडी आहे कुठे!" म्हणत त्याने ते उघडंच ठेवलं. सगळं थिएटर हसलं. थिएटर म्हणजे लंडनमधल्या एका पबच्या माडीवरची पन्नासेक खुर्च्यांची खोली. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या अंगात तसंच जॅकेट होतं, आणि तेही उघडंच.

मला तिथे ऑफिसातल्या मैत्रिणीने ओढून नेलं होतं. ती निवृत्तीला आलेली, पगारपत्रकांच्या टेबलावरची, अक्षर मोत्यासारखं. ही बाई पंकवाली, म्हणजे १९७०च्या दशकातल्या त्या बंडखोर, कर्कश रॉक संगीताची आणि कपड्यांना सेफ्टी पिना टोचणाऱ्या पंथातली आहे हे मला दहा वर्षं शेजारी बसल्यावर एकदा डबा खाताना कळलं. ३० एप्रिल १९७८ ला, म्हणजे सोळाव्या वर्षी, ती ट्रॅफल्गार स्क्वेअरपासून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत मोर्च्यातून चालत गेली होती. वंशद्वेषाविरुद्धचा तो मोर्चा, आणि शेवटी 'द क्लॅश' या पंक बँडचं गाणं-बजावणं. "आम्ही मुख्यतः गाण्यासाठीच गेलो होतो गं," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातली भेंडी घेतली. त्यानंतर चारच दिवसांनी व्हाइटचॅपेलमध्ये आल्ताब अली या बंगाली तरुण कामगाराचा रस्त्यात खून झाला. तिला ती तारीख अजून पाठ आहे. मला तोवर ते नावही माहीत नव्हतं.

तर नाटक. १९७६ साली पंकच्या नादी लागलेले आणि त्यातून कधीच न उठलेले तीन मित्र, एवढीच गोष्ट. खरी ठिणगी पडते ती एका रेकॉर्डवरून. तिघांतल्या एकाला घराचं छप्पर दुरुस्त करायचंय, म्हणून तो 'क्रास' या बँडची जुनी रेकॉर्ड इंटरनेटवर विकायला काढतो. हे क्रासवाले एसेक्समधल्या एका जुन्या घरात एकत्र राहायचे, स्वतःच रेकॉर्ड काढायचे आणि वेष्टनावर छापायचे की याला अमुक पेन्सपेक्षा जास्त देऊ नका. १९७९ सालची त्यांची एक छोटी रेकॉर्ड ४५ पेन्सला होती. बाजारात तेव्हा साधारण दुप्पट भाव. त्यात हिशोब करताना व्हॅट धरायचाच राहिला, त्यामुळे खपलेल्या प्रत्येक प्रतीमागे पदरचे पैसे गेले. व्यवस्था उलथवायला निघालेल्या मंडळींना करानेच गाठलं.

दुसरा मित्र ते वेष्टन टेबलावर आपटतो. "वाच!" चष्मा तिघांत एकच. तो या खिशातून त्या खिशात जातो, नाकावर चढतो. छप्परवाला शांतपणे वाचतो आणि म्हणतो, "देऊ नका असं लिहिलंय. घेऊ नका असं कुठे लिहिलंय?"

तिसरा मित्र मग 'सेक्स पिस्टल्स' या पंक बँडच्या गायकाला, जॉनी रॉटनला, मध्ये ओढतो. राणीच्या नावाने शंख करणारा हा माणूस २००८ साली टीव्हीवर लोण्याची जाहिरात करत होता. आता त्या लोण्याच्या पैशांतूनच त्याने आपला दुसरा बँड पुन्हा उभा केला, म्हणजे विकला गेला की नाही गेला? तिघे यावर इतका वेळ भांडतात की हातातला टोस्ट थंड होतो. उत्तरार्धात मात्र नाटक पडतं. चौथ्या, मेलेल्या मित्राच्या अस्थी येतात, सगळे रडतात. हे येणार हे मला जॅकेटच्या वेळीच कळलं होतं.

मला मामा आठवत होता. सेवा दलातला. हुंडा नाही, बँडबाजा नाही, नोंदणी लग्न आणि पाहुण्यांना चहा-चिवडा. आज पंच्याहत्तरीतही खांद्याला शबनम. आम्ही भाच्यांनी तिची यथेच्छ टिंगल केली. पण मुलीच्या लग्नात व्याह्यांनी पुढे केलेली यादी त्याने न वाचताच त्या शबनममध्ये टाकली आणि परत काढली नाही, हेही आम्ही पाहिलेलं. बाकी तो आता गाडीत एसी लावतो. लावू दे.

नाटक संपल्यावर अरुंद लाकडी जिना उतरायचा होता. एकेकाळी गर्दीत अंग झोकून देणारी ही मंडळी कठडा धरून, एकेक पायरी, गुडघे सांभाळत. "सावकाश, घाई नाही," मागून कुणीतरी म्हणालं. मधल्या वळणावर मैत्रिणीच्या जॅकेटची चेन तटकन निघाली. बाहेर पाऊस.

"कुणाकडे सेफ्टी पिन आहे का?" तिने ओरडून विचारलं.

जिनाभर हशा. पिना तर प्रत्येकाच्या कॉलरवर, खिशावर, एकाच्या कानातसुद्धा. एकाने काढायचा प्रयत्न केला. गंजून कापडातच रुतलेली. दुसऱ्याची नुसती शोभेची, उघडतच नव्हती. तिसऱ्याने कॉलरवर हात ठेवला आणि म्हणाला, "ही नाही देणार. ही सत्त्याहत्तरची आहे."

मी बाही वर केली. आईची सवय, बांगडीत दोन पिना कायम. एक काढून मी तिच्या पोटाशी जॅकेट ओढून धरलं. "श्वास आत घे," मी म्हटलं. खालून कुणीतरी टाळ्या वाजवल्या.