घरी १४०, मग सीईटीत असं का?

"सर, घरी सोडवलेल्या पेपरात ती २०० पैकी १४० च्या खाली कधी आली नाही. मग सीईटीत असं कसं झालं?" निकाल लागला की दरवर्षी हा प्रश्न येतो. मुलगी शेवटी ढिली पडली की काय, ही शंका त्यामागे असतेच. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: बहुतेकदा तसं नसतं.

मी आधी विचारतो, घरी वेळ कसा लावला होता? एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा; तिच्या पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाला १८० मिनिटं मिळतात, पण ती हवी तशी वापरता येत नाहीत. पहिली ९० मिनिटं फिजिक्स-केमिस्ट्रीच्या १०० प्रश्नांची, पुढची ९० गणिताच्या ५० प्रश्नांची; गणितात प्रत्येक प्रश्नाला २ गुण, बाकी दोन्हींत १. घरी मुलं केमिस्ट्री अर्ध्या तासात संपवतात आणि उरलेला वेळ गणिताला देतात. परीक्षेत पहिला भाग संपल्याशिवाय गणित उघडतच नाही. गेल्या वर्षी एका मुलीची सरावाची वही घेऊन आम्ही बसलो. गणिताला ती रोज ११५ ते १२० मिनिटं घेत होती. गणित तिला येत होतं, वेळ मात्र उसना होता.

शिवाय जुने पेपर दुसऱ्यांदा सोडवले की उत्तर सुचत नाही, आठवतं. गुण वाढतात, आणि आपल्याला वाटतं तयारी वाढली. चुकीला गुण कापत नाहीत म्हणून मुलं अंदाजानेही टिपतात. अशा २० प्रश्नांत सरासरी ५ बरोबर येतात, पण एखाद्या दिवशी ८ येतात, एखाद्या दिवशी २.

आणि परसेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. परीक्षा अनेक सत्रांत होते, पेपर वेगवेगळे असतात. तुमच्या सत्रातल्या दर शंभरांत किती जण तुमच्याइतक्या किंवा कमी गुणांवर आहेत, तेवढंच तो आकडा सांगतो. अवघड सत्रातले १२५ आणि सोप्या सत्रातले १४० एकाच परसेंटाइलला येऊ शकतात. क्लासच्या ४० मुलांत पहिलं येण्याशी त्याची तुलना होत नाही.

म्हणून आता शेवटच्या महिन्यात मी न पाहिलेले पेपरच देतो, ९०-९० मिनिटांचं घड्याळ लावून. पहिल्यांदा गुण घसरतात, मुलं रडवेली होतात. होऊ देत, अजून दिवस हातात असतात.

त्या मुलीचे वडील वहीतले आकडे बघून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "घरी गेल्यावर तिला सांगतो, तुझं चुकलं नाही म्हणून."

ती बाहेर बाकावर बसली होती. मी म्हटलं, "घरी कशाला? आत्ताच बोलवा."