फ्रीकट्रेड, नोंद ४: फी ०.०११ आणि लाईट गेल्यावरचं घड्याळ

फ्रीकट्रेड हा क्रिप्टोचे सौदे आपोआप करणारा बॉट; तो मी घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालवतो. या वेळी सगळ्यात मोठा फरक एकाच आकड्याने पडला. बॅकटेस्टची (जुन्या भावांवर डावपेच तपासून पाहण्याची) फी ०.००१ होती, ती ०.०११ केली. सौद्यांच्या जोड्या यूएसडीटीच्या (डॉलरशी बांधलेल्या क्रिप्टो नाण्याच्या) आहेत आणि यूएसडीटी हीसुद्धा आभासी डिजिटल मालमत्ताच. त्यामुळे जुलै २०२२ पासूनचा १ टक्का टीडीएस विक्रीसोबत खरेदीलाही धरावा लागतो. फ्रीकट्रेड ही फी दोन्ही बाजूंना लावतो, म्हणून ०.१ टक्का नेहमीची फी अधिक १ टक्का टीडीएस, मिळून ०.०११. टीडीएस रिटर्न भरताना वळता होतो, त्यामुळे निकाल जरा कडक येतो. पण तोवर हजाराच्या दर फेरीमागे (एक खरेदी, एक विक्री) वीस रुपये अडकलेले असतात.

करात तोटा नफ्यातून वजा होत नाही, हे बॅकटेस्टला ठाऊकच नसतं. ५० सौद्यांत वीस-वीस रुपये आले आणि ५० सौद्यांत पंधरा-पंधरा गेले, तर हाती २५०. कर मात्र पूर्ण १००० वर: ३० टक्के आणि सेस मिळून ३१२. म्हणजे ६२ रुपये खिशातून. सौद्यांची यादी काढून फक्त नफ्याच्या ओळींची बेरीज करा, मगच डावपेच पारखा.

म्हणून सौदे कमी व्हावेत यासाठी पाच मिनिटांची कॅन्डल (तेवढ्या वेळातल्या भावाची नोंद) सोडून चार तासांची घेतली. किमान परतावा, म्हणजे ज्या नफ्यावर बॉट विकतो तो, ८ टक्के; २८८० मिनिटांनंतर, म्हणजे दोन दिवसांनी, ४. स्टॉपलॉस उणे ०.०६, म्हणजे ६ टक्के तोट्यावर विकून बाहेर; एका वेळी तीनच सौदे. ड्राय रन, म्हणजे खोट्या पैशांवरचा सराव, अजून चालूच.

चार तासांची कॅन्डल खान्देशात आणखी एका कारणाने बरी. ती यूटीसी या जागतिक वेळेवर चालते, म्हणून आपल्याकडे ५:३०, ९:३०, १:३० अशी बंद होते. मध्ये तासभर लाईट गेली तरी खरेदीचा सिग्नल सहसा हुकत नाही. उघडा सौदा मात्र तेवढा वेळ वाऱ्यावर असतो, म्हणून खऱ्या पैशांवर जाताना स्टॉपलॉस एक्स्चेंजवरच ठेवायचा.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नाही. लाईट आली की पाय आधी उठतो, राउटर मागून. जुनी वेळ घेऊन बॉट सुरू झाला तर एक्स्चेंज टाइमस्टॅम्पची चूक दाखवून विनंती नाकारतं. सिस्टमडीत (लिनक्समधल्या सेवा सुरू करणाऱ्या प्रणालीत) वेळ जुळेपर्यंत थांबायची सेवा चालू करा आणि बॉट तिच्यानंतर सुरू होईल असं लावा. डेटाबेस एसडी कार्डावर नको, एसएसडीवर हवा.

आणि मे महिन्यात पाय पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. ८० अंशांना प्रोसेसर स्वतःहून मंदावतो. धाब्याच्या घरातली खालची खोली आणि पंख्याची ॲल्युमिनियम पेटी, एवढं पुरतं.