माझा अनुभव : एका ठरावाची चार पानं

मी कुरडया, ज्वारीचे बिबडे आणि उडदाचे पापड करून विकते. हे आधीच सांगते, कारण पाण्यासाठी नगरपालिकेत खेटे घालणारी बाई दिसली की लोकांना वाटतं हिला घरी काही काम नाही. काम आहे म्हणून तर गेले. कुरडईचे गहू तीन दिवस भिजतात आणि त्यांचं पाणी रोज बदलावं लागतं. बिबड्यांचा घाटा पहाटे चारला चुलीवर चढतो, म्हणजे ऊन तापायच्या आत बाया खाटेवर बिबडे घालून मोकळ्या होतात. हा सगळा उद्योग फेब्रुवारी ते मे, आणि नेमकं तेव्हाच आमच्या गावाला पाणी आठव्या दिवशी.

आठव्या दिवसाची तक्रार नाही बरं का. खान्देशात टाकी, ड्रम, कोठी, हंडे सगळं त्या हिशोबानंच घरात मांडलेलं असतं. गिरणा धरण किती टक्के भरलं हे आमच्याकडे लोक क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात. माझी तक्रार वेळेची होती.

31 मे 2023 ला आमच्या भागाचे व्हॉल्व्हमन निवृत्त झाले. सगळे त्यांना आबा म्हणतात. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर यायचे. कोणत्या चेंबरमधला व्हॉल्व्ह किती आटे सोडायचा हे त्यांच्या हाताला पाठ होतं. आमची गल्ली चढावर आहे. खालच्या चौकातला व्हॉल्व्ह दोन आटे दाबल्याशिवाय आमच्याकडे पाणी चढत नाही. हे कुठल्या नकाशात नाही, फक्त आबांना माहीत.

आबा गेले आणि ठेकेदाराची पोरं मोटारसायकलवर यायला लागली. कधी रात्री दोनला, कधी भर दुपारी. खालच्या गल्लीत नळाला मोटारी लागायच्या आणि आमच्या नळातून नुसती हवा शिट्टी मारायची. एकदा तर अकराव्या दिवशी आलं, रात्री अडीचला. आमचे हे पहाटे उठून विचारतात, "पानी वनं का?" येऊन गेलं होतं. त्या आठवड्यात मी वीस किलो भिजवलेले गहू म्हशीपुढे टाकले.

जानेवारी 2024 मध्ये 43 सह्यांचा अर्ज दिला. त्याचं काय झालं ते सांगण्यासारखं नाही, कारण काहीच झालं नाही. माजी नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले, "वहिनी, तुम्हीच 'माजी' म्हणताय ना मला." खरंच होतं. मुदत संपली होती, निवडणूक नव्हती, नगरपालिकेवर प्रशासक. पूर्वी सभेत निदान कुणीतरी टेबलावर हात आपटायचं. तेव्हा मुख्याधिकारी हेच प्रशासक होते, म्हणजे विषय मांडणारेही तेच आणि मंजूर करणारेही तेच.

फेब्रुवारीत आस्थापना विभागात, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका बघतात तिथे, कळलं की आबांचं पद मृत संवर्गात गेलं आहे. मी घाबरलेच. मग त्यांनी समजावलं की काही पदं अशी ठरवलेली असतात की माणूस निवृत्त झाला की त्याच्याबरोबर पदही संपतं. पुन्हा भरती होत नाही, काम बाहेरून ठेक्यावर करून घ्यायचं. नवीन कायम पद हवं तर आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, बसायला हवं आणि आकृतिबंधाला मंजुरी मंत्रालयातून, नगरविकास विभागाकडून. एका व्हॉल्व्हला किल्ली लावायला मंत्रालय! तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक बाई सहज बोलून गेल्या, "पण पाणीपुरवठ्याला माणसं द्यायचा ठराव तर झालाय ना मागेच."

इथून माझी खरी गोष्ट सुरू होते. ठराव झाला होता. कधी, किती माणसांचा, कोणत्या भागासाठी, हे कुणी सांगेना.

आवक-जावकच्या टेबलावर एक तरणा पोरगा बसायचा. स्वभावाने चांगला. मला स्टूल द्यायचा, जारमधलं गार पाणी द्यायचा (नगरपालिकेत सगळे जारचंच पाणी पितात, हे मी लक्षात ठेवलंय). पण ठरावाचं नाव काढलं की एकच वाक्य, "ताई, साहेब मिटिंगले गयात. सकाय या." सकाय म्हणजे उद्या. दुसऱ्या दिवशी गेलं की पुन्हा सकाय. फेब्रुवारीत मी सात वेळा गेले. हंगामाचे सात दिवस.

16 मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळ्यांच्या तोंडाला एक नवीन शब्द मिळाला. आमच्या जळगाव जिल्ह्यात मतदान 13 मेला, निकाल 4 जूनला, म्हणजे अडीच महिने काहीही विचारा, उत्तर आचारसंहिता. आचारसंहितेत नवीन निर्णय घेता येत नाहीत, हे खरं. पण झालेल्या निर्णयाचा कागद दाखवायला आचारसंहिता आड येत नाही. हे मला पुण्याला असलेल्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा मी आधी त्यालाच रागावले की एवढे दिवस कुठे होतास.

मग माहिती अधिकार. जोडपत्र अ मधला अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. मी पहिल्या मसुद्यात आबा, म्हैस, रात्रीचे अडीच, सगळं लिहिलं होतं. मुलाने ते काढायला लावलं. राहिलं एवढंच, की अमुक काळात पाणीपुरवठा विभागास मनुष्यबळ देण्याबाबत झालेल्या ठरावांच्या प्रती द्याव्यात. स्टॅम्प मात्र तहसीलजवळच्या दोघांकडे संपले होते. चार-पाच आधीच आणून डब्यात ठेवा, दहाचे आणि वीसचेही. वीसचे का, ते पुढे येतंच.

अर्ज 19 मार्चला दिला. तीस दिवस थांबले. उत्तर नाही. 22 एप्रिलला पहिलं अपील केलं, जोडपत्र ब, त्याला वीसचं स्टॅम्प. अपील ऐकणारे अधिकारी कोण? मुख्याधिकारी. ठराव करणारे तेच, तो न मिळाल्याची तक्रार ऐकणारेही तेच. मला हसूही येईना.

सुनावणी 7 जूनला लागली. बाहेर अंगाची लाही होत होती, आत एसी. कार्यालयीन अधीक्षक, म्हणजे तेच माहिती अधिकारी, यांनी सांगितलं की ठराव झालेला आहे, पण त्या बैठकीचं इतिवृत्त, म्हणजे कामकाजाची नोंद, अजून कायम झालेलं नाही, म्हणून प्रत देता येत नाही.

मी विचारलं, "कायम कोण करतं?"

"पुढची सभा."

"सभेत कोण असतं?"

अधीक्षकांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी म्हटलं, "साहेब, आता सभा म्हणजे तुम्हीच ना?" मी खोचक बोलले नव्हते, खरंच विचारत होते. आठ महिने एक माणूस स्वतःच घेतलेला निर्णय स्वतःच कायम करायचा राहिला होता आणि त्यामुळे आमच्या नळाला शिट्टी. साहेब म्हणाले, "दहा दिवसांत प्रत द्या." सुनावणी संपली. सहा मिनिटंही लागली नसतील.

मला वाटलं झालं. झालं नव्हतं. बाराव्या दिवशी रजिस्टर पोस्टाने पत्र आलं : चार पानांचे, दर पानी दोन रुपयांप्रमाणे, आठ रुपये भरून प्रत घेऊन जावी. पत्र पाठवायचा खर्चच त्याच्यापेक्षा जास्त.

आठ रुपये भरायला मी चार वेळा गेले. पहिल्या दिवशी रोखपालाने विभागाचं चलन मागितलं. चलन देणारे लिपिक पंढरपूरच्या वारीच्या रजेवर. दुसऱ्या दिवशी चलन मिळालं, पण पावतीपुस्तक संपलं. तिसऱ्या दिवशी पुस्तक आलं, त्यावर सही राहिली होती. चौथ्या दिवशी मी दहाची नोट दिली तर म्हणे सुटे नाहीत. मी म्हटलं, दोन रुपये नगरपालिकेच्या नावे जमा करा. तसं करता येत नाही म्हणे. शेवटी त्या आवक-जावकच्या पोराने खिशातून सुटे दिले.

आता हे नीट वाचा, मी नाही वाचलं आणि अजून पस्तावते. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 7(6) : तीस दिवसांची मुदत उलटून गेली असेल तर माहिती फुकट द्यावी लागते. म्हणजे ते आठ रुपये द्यायचेच नव्हते. आठ रुपयांचं काही नाही हो, ते चार दिवस हवे होते मला. मुलगा अजून ऐकवतो.

आणि आता लिहिताना आठवतंय ते त्याहून भारी. 2018 पासून शासनाचं परिपत्रक आहे की स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात. बसायचं आणि फाईल बघायची. मला हे आठ रुपये भरून झाल्यावर एका वकिलीणबाईंनी सांगितलं, पापडाची ऑर्डर द्यायला आल्या होत्या त्यांनी. सोमवार चुकवू नका. दुसरा एक सोमवार असतो, महिन्याचा पहिला, जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन. त्यात आस्थापनेचे विषय घेत नाहीत, म्हणून 'कर्मचारी द्या' असं लिहिलंत तर अर्ज तिथेच परत. मला शेजारणीने तिकडे पाठवायचा घाट घातला होता, बरं झालं गेले नाही, जळगावचं भाडं वाचलं.

प्रत हातात आली जुलैच्या पहिल्या आठवड्यात. चार पानं, त्यातलं एक निम्मं कोरं. ऑक्टोबर 2023 चा ठराव. पाणीपुरवठा विभागास ठेकेदारामार्फत तीन मनुष्यबळ, त्यातलं एक पूर्व भागातील व्हॉल्व्ह सोडण्याच्या कामी. पूर्व भाग म्हणजे आम्ही. मी जानेवारीत दारोदार सह्या मागत होते तेव्हा आमचा माणूस मंजूर होऊन तीन महिने उलटले होते, आणि ठेकेदार पगाराची बिलं काढत होता.

मी ती पानं घेऊन त्या पोराच्या टेबलापाशी उभी राहिले. म्हटलं, "हे बघ. दोघं फिल्टर प्लांटवर आहेत, ते मला माहीत आहेत. हा तिसरा कोण?"

त्याने शाईचं पॅड मिटलं. हळूच म्हणाला, "ताई, मीच शे तो. मन्हा पगार पानीपुरवठामाईन निंघस."

मला त्याचा राग आला नाही. खरं तर थोडा आला, पण टिकला नाही. पोरगा बीए झालेला, मराठी टायपिंग येणारा. आवक-जावकचे जुने लिपिक निवृत्त झाले, त्यांचीही जागा भरली नाही, तेव्हा कुणीतरी म्हणालं याला इथे बसवा. मंजूर एका कामाला, बसला दुसऱ्या कामाला. त्याला चावी कधी दिलीच नव्हती. इतके महिने माझ्या प्रत्येक अर्जावर शिक्का मारणारा माणूस म्हणजे मी ज्याच्यासाठी अर्ज करत होते तोच.

यानंतरचा अर्ज मी तीन ओळींचा केला : सोबत ठरावाची प्रत जोडली आहे, ठरावाप्रमाणे मंजूर कर्मचारी मंजूर कामावर द्यावा. पाणी, त्रास, महिला वर्ग, हंगाम, यातलं काही लिहिलं नाही. नवव्या दिवशी आदेश निघाला. 43 सह्यांनी जे झालं नाही ते ठरावाच्या झेरॉक्सने झालं. तेव्हा कुणाला असं काही करायचं असेल तर 'पाणी येत नाही' हे लिहूच नका. ठराव झाला का, क्रमांक काय, माणूस कोण आणि आत्ता कुठे बसतो, एवढं विचारा. कर्मचाऱ्यांची यादी आणि पगार तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे कार्यालयाने आपणहून जाहीर करायचा असतो. मी तिथूनच सुरुवात केली असती तर कदाचित मार्चमध्येच या पोराचं नाव सापडलं असतं.

पहिल्या दिवशी तो चावी घेऊन आला आणि चेंबरकडे बघत उभा राहिला. कोणता व्हॉल्व्ह कुठे हेच माहीत नाही. आमचे हे स्कूटरवर जाऊन आबांना घेऊन आले. आबांचे गुडघे गेलेत, त्यांना खुर्ची दिली चौकात. दोन पहाटे त्यांनी बसून शिकवलं, "खालचा दोन आटे दाब. इतका नही रे, फुटी जाई!" पोराने सगळं वहीत टिपून घेतलं. आता ती वही तरी नगरपालिकेत राहील, आबांच्या हातातलं तर राहणार नव्हतंच.

पाणी अजून आठव्या दिवशीच येतं. पण पहाटे साडेपाचला येतं, आणि आदल्या संध्याकाळी त्याचा मेसेज येतो. यंदाच्या हंगामात माझे एक किलोसुद्धा गहू वाया गेले नाहीत.

मागच्या महिन्यात गल्लीतल्या दिव्याचा अर्ज द्यायला गेले. आवक-जावकचं टेबल रिकामं. शिक्का सुतळीने खिळ्याला बांधलेला, पॅड उघडं, वर अर्जांची चळत. आतून अधीक्षक ओरडले, "ताई, ठेवून द्या तिथे, शिक्का मारायला माणूस नाही आता." मी तारीख नीट बघून दोन्ही प्रतींवर स्वतःच शिक्का मारला आणि पोच घेऊन घरी आले.