सरासरी 0.500

आज बेल्जियममधील अँटवर्पच्या बिलियर्ड्स क्लबमध्ये 42 डावांत (डाव म्हणजे फटका चुकेपर्यंतची एक पाळी) 21 गुण झाले, म्हणजे दर डावामागे सरासरी बरोबर 0.500, गेल्या हंगामात मी 0.350 च्या आसपास अडकलो होतो, त्यामुळे घरी येऊन वहीत हा आकडा लिहिताना मन खरोखर भरून आले. थ्री-कुशन बिलियर्ड्समध्ये आपला चेंडू टेबलावरच्या दोन लक्ष्य-चेंडूंपैकी दुसऱ्याला लागण्याआधी किमान तीन वेळा कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागावा लागतो, तेव्हा कुठे एक गुण मिळतो, आणि म्हणूनच इथे प्रगती तिसऱ्या दशांश स्थानापर्यंत मोजतात.

मात्र सरासरीइतकेच मी रिकामे डावही मोजतो. आज 29 डाव शून्याचे गेले. उरलेल्या 13 पैकी एकात सलग 4 गुण झाले. पूर्वी अशी एखादी मालिकाच माझा आकडा फुगवत असे, आज मात्र एकेका गुणाचे 8 डाव होते, आणि मला त्यांचेच मोल अधिक वाटते. याच खेळात बेल्जियमच्या रेमंड कोलेमान्स (Ceulemans) यांनी 1963 मध्ये पहिले आणि 2001 मध्ये, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, शेवटचे विश्वविजेतेपद मिळवले. शनिवारी पुन्हा त्याच, चेंडू वेगाने धावावेत म्हणून गरम केलेल्या टेबलावर खेळायचे आहे. रिकामे डाव 25 वर आणायचे आहेत.