सरड्याचा बल्ब आणि १९६६ चा अँप

इथे ओहायोत खेळाच्या सामानाच्या दुकानात शिकारीची बंदूक मिळते, पण शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब काही मिळत नाही. ऑगस्ट २०२३ पासून नियमच आहे, एका वॅटला ४५ लुमेनपेक्षा कमी उजेड देणारे घरगुती बल्ब विकायचे नाहीत. वीज वाचते, मान्य आहे, माझ्या घरात पण सगळे एलईडीच आहेत. पण मला बल्ब उजेडासाठी नको होता हो! मला सिरीज बोर्ड करायचा होता, म्हणजे दुरुस्तीच्या वस्तूकडे जाणारी वीज आधी बल्बमधून नेणारा बोर्ड.

झालं असं की एका इस्टेट सेलमध्ये जुना फेंडर चॅम्प स्वस्तात मिळाला. इस्टेट सेल म्हणजे घरातलं म्हातारं माणूस गेलं की दारं उघडून सगळं सामान विकायला काढतात, मला अजून त्याची सवय झालेली नाही, पण तो वेगळा विषय आहे. चॅम्प म्हणजे पाच-सहा वॅटचा, आठ इंची स्पीकरचा छोटा गिटार अँप, आत फक्त तीन व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओत असायच्या त्या काचेच्या नळ्या): आवाज वाढवणारे १२एएक्स७ आणि ६व्ही६, आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५वाय३. पॉटच्या, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाच्या, पाठीवर १३७६६१८ असा शिक्का, त्यातलं १३७ म्हणजे बनवणारी सीटीएस कंपनी, ६६ हे साल आणि १८ वा आठवडा. म्हणजे सीबीएस या टीव्ही-रेडिओवाल्या कंपनीने फेंडर विकत घेतली (जानेवारी १९६५) त्याच्या नंतरचा, त्यामुळे शौकीन लोक जरा नाक मुरडतात. मुरडू देत.

विकणारी बाई म्हणाली चालू आहे, फक्त आवाज करतो. घरी आणला आणि पुण्याला मामाला व्हिडिओ कॉल लावला, मामाने अर्धं आयुष्य व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केलेत. त्याचं पहिलं वाक्य, "डायरेक्ट लावू नकोस रे, आधी सिरीजमध्ये घे." आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भक्क पेटतो आणि ट्रान्सफॉर्मर वाचतो, सगळं ठीक असेल तर क्षणभर पेटून मंद होतो. एलईडीने हे होत नाही, तार तापणारा बल्बच लागतो. तापकीर गल्लीत हे सगळं दहा मिनिटांत मिळालं असतं, इथे हार्डवेअरच्या दुकानातला पोरगा माझ्याकडे असा बघत होता की मी कंदील मागतोय. शेवटी बल्ब मिळाला तो पाळीव प्राण्यांच्या दुकानात! सरड्यांना ऊब द्यायला विकतात, त्याला नियम लागू नाही. सरड्याला चालतं, मला नाही.

पुढची अडचण जागेची. अपार्टमेंटमध्ये बायकोने स्पष्ट सांगितलं, मुलगी रांगतेय, अँपच्या आतले साडेतीनशे व्होल्ट घरात नकोत. (बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये ते व्होल्ट बसून राहतात, म्हणून तिचं बरोबरच आहे.) मग गावातल्या एका मेकरस्पेसमध्ये (हौशी लोकांच्या सामायिक वर्कशॉपमध्ये) गेलो. तिथे नियम: ५० व्होल्टच्या वर उघडं काम असेल तर फॉर्मवर सही आणि शेजारी दुसरा माणूस हवाच. ठीक आहे. पण फॉर्म देणारा तरुण हसत म्हणाला, तुमच्याकडे प्लग न लावता सॉकेटमध्ये नुसत्या वायरी खुपसतात ना, मी व्हिडिओ पाहिलाय. आता खुपसतात हे खरंय, काडेपेटीची काडी लावून खुपसतात, पण ते मी म्हणायचं, त्याने नाही.

आणि मग मी चेसिस (अँपचा आतला पत्र्याचा सांगाडा) उघडला तर आत काय? दोन पिनांची कॉर्ड, अर्थिंगचा पत्ता नाही, आणि मेन्सच्या एका वायरीतून ०.०४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर थेट चेसिसला जोडलेला! कारखान्यातूनच तसा. उद्देश हम, म्हणजे विजेची घरघर, कमी करण्याचा. प्लग दोन्ही बाजूंनी बसतो, म्हणजे उलटा लागला की त्या कंडेन्सरमधून दोनेक मिलिअँपिअर करंट चेसिसला, तिथून गिटारच्या तारांना, तिथून वाजवणाऱ्याला. झिणझिण्या येतील, बस. पण साठ वर्षांचा कंडेन्सर शॉर्ट झाला तर अख्खे १२० व्होल्ट तारांवर, आणि ओठ अर्थिंग असलेल्या माइकला टेकलेले. इथले टेक्निशियनच त्याला डेथ कॅप म्हणतात, कॅप म्हणजे कॅपॅसिटर, आपला कंडेन्सरच. म्हणजे आमच्या काड्या दिसतात, आणि तुमच्या लाडक्या अँपमधला हा यमदूत नाही दिसत? मी त्या पोराला बोलावून दाखवलं, तो "ओह वाऊ" म्हणाला, मला जरा बरं वाटलं. पुण्यात आमच्या जुन्या वाड्यात तिसरी पिन भिंतीत कशालाच जोडलेली नव्हती हे मी त्याला सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती.

दुसरा माणूस म्हणून मिळाले ते एक रिटायर्ड हॅम रेडिओवाले (हौशी बिनतारी संदेशवाले) आजोबा, ऐंशीच्या घरातले. स्टुलावर शब्दकोडं सोडवत बसायचे, एक हात स्विचजवळ. एकदाही मधे बोलले नाहीत, फक्त वायरिंगच्या वेळी म्हणाले, काळी कुठली? बरं झालं, कारण आपल्याकडे काळी न्यूट्रल, इथे काळी म्हणजे फेज आणि पांढरी न्यूट्रल, हाताला तीस वर्षांची सवय. नवीन तीन कोअर कॉर्ड घातली, हिरवी स्वतंत्र बोल्टने चेसिसला, काळी आधी फ्यूजला मग स्विचला, डेथ कॅप कापून टाकला.

हम व्हॉल्यूम शून्यावर पण तसाच होता आणि १२एएक्स७ काढला तरी तसाच, म्हणजे दोष पॉवर सप्लायमध्ये. गिटारचा ट्यूनर लावला तर बी सूर, पण जवळजवळ अर्धा सेमीटोन उतरलेला. इथली वीज ६० हर्ट्झ, रेक्टिफायरमुळे त्याचा हम दुप्पट, १२०. पुण्यात ५० हर्ट्झवर हाच अँप जवळजवळ जी मध्ये घरघरला असता. फिल्टर कंडेन्सर बदलले, घरघर गेली. मग ६व्ही६ काढून त्याच्या ग्रिडच्या (सिग्नल आत येतो त्या) पिनवर मीटर लावला, शून्य हवं तिथे काही व्होल्ट डीसी, म्हणजे त्याच्या आधीचा, डीसी अडवणारा कपलिंग कंडेन्सर गळका, तो पण बदलला. व्हॉल्व्ह परत लावून कॅथोडवर २० व्होल्ट, तिथला रेझिस्टर ४७० ओहम, प्लेटला साडेतीनशेच्या थोडं खाली, म्हणजे व्हॉल्व्ह स्वतः खातो त्या विजेचा हिशोब १३ वॅटच्या आसपास. मर्यादा १४. मामा म्हणाला, "झालं, आता हात लावू नकोस."

बाकी आतलं काम बघत राहावं असं. कापडी वेष्टणाच्या वायरी, वेष्टण बोटाने मागे सरकवायचं आणि डाख द्यायचा, सोलायला नको. एका कोपऱ्यात मास्किंग टेपचा तुकडा, त्यावर पेनाने एका बाईचं नाव. फुलर्टनच्या कारखान्यात जोडणी करणाऱ्या बायका अशी सही करायच्या, त्यात बऱ्याच मेक्सिकन घरातल्या. ती टेप मी हलवली नाही, जुना डाख पण जिथे चांगला होता तिथे तसाच ठेवला.

मे महिन्यात आजोबा मला ओहायोतल्याच झीनियाला, हॅमव्हेन्शन या हॅम रेडिओवाल्यांच्या मेळाव्यातल्या जुन्या बाजारात घेऊन गेले. तिथे एका टेबलावर खोक्यात ईएल८४ व्हॉल्व्ह, वर बीईएल, मेड इन इंडिया! आपल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा. चॅम्पमध्ये तो बसत नाही, तरी घेतला. विकणारा म्हणाला, चांगले असतात हे. मी आजोबांना ते वाक्य परत ऐकवलं.

तर माळ्यावर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल तर भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, आतले व्हॉल्व्ह काढून वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, डिसेंबरमध्ये येतोय. ईएल८४ असेल तर आधी कळवा. मला आता तो बसेल असा दुसरा अँप शोधायचाय, पण हे बायकोला अजून माहीत नाही.