चार लाखांत घरची गाडी: सेकंडहँड घेताना नेमकं काय बघायचं

घरात चार-पाच माणसं, रोजचं पंधरा-वीस किलोमीटर, वर्षातून दोन-तीनदा गावी जाणं आणि हातात चार लाख रुपये. महाराष्ट्रात जुनी गाडी शोधणाऱ्या बऱ्याच घरांचं गणित असंच असतं. यात पहिली गोष्ट पक्की करायची: चार लाख असतील तर चार लाखांची गाडी घ्यायची नाही. सव्वातीनची घ्यायची, अगदीच आवडली तर साडेतीनची. उरलेले पैसे पहिल्या दोन-तीन महिन्यांत लागतातच. १३-१४ इंची चार टायर १३ ते १८ हजार, बॅटरी चार-पाच हजार, ऑइल-फिल्टर-प्लग-कूलंट-ब्रेक ऑइल अशी पूर्ण सर्व्हिस सहा-आठ हजार, क्लच प्लेट आली असेल तर मजुरीसकट आणखी सात-दहा हजार. वर विमा आणि आरटीओचा खर्च. हे सगळे ढोबळ आकडे आहेत, शहराप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. पण हा खर्च धरला नाही, तर चांगली गाडीही पहिल्याच पावसाळ्यात डोक्याला ताप होते.

भाव करताना हाताशी ठेवण्यासारखा एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जुन्या गाडीचा मालक मात्र अजून २०२४ च्या भावात बसलेला असतो. त्याच मॉडेलच्या नव्या गाडीची आजची ऑन-रोड किंमत त्याच्यासमोर ठेवा आणि मग बोला.

मॉडेल कोणतं, यावर लोक महिनोन् महिने वाद घालतात. माझं मत सरळ आहे: २०१६ ते २०१८ ची, पेट्रोल, मॅन्युअल गिअरची, तालुक्याच्या गावातही पार्ट मिळेल अशी गाडी. जुनी वॅगनआर (९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन), ग्रँड आय-१० (११९७ सीसी, चार सिलिंडर, मागच्या सीटला एसीचे झरोके), स्विफ्ट किंवा डिझायर. सामान जास्त असेल तर टोयोटा इटिओस. तिची डिकी जवळपास ६०० लिटरची आहे. या सगळ्या पेट्रोल इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी) असते, त्यामुळे ठरावीक किलोमीटरनंतर बेल्ट बदलायचा खर्च नाही. जुन्या सँट्रो आणि १.१ लिटरच्या आय-१० मध्ये मात्र बेल्ट आहे. तो कधी बदलला याचं बिल नसेल, तर बदललेलाच नाही असं धरून चाला.

फोर्ड, शेव्हर्ले, डॅटसन, फियाट यांच्या गाड्या त्याच पैशांत दोन वर्षं नव्या मिळतात. चालवायला काही काही फार छान आहेत. पण या कंपन्यांनी इथली विक्री थांबवली आहे. सर्व्हिसचे पार्ट मिळतात, पण दाराची काच वर घ्यायची मोटार किंवा हेडलाइट लागला की शोधाशोध सुरू. घरात एकच गाडी असेल तर या वाटेला जाऊ नका. डिझेलचंही तसंच. रोज पन्नास-साठ किलोमीटर हायवेवर नसेल तर वाचलेलं इंधन एका इंजेक्टरच्या खर्चात जातं.

२०१६ च्या मागे का जाऊ नये? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये आरटीओत फिटनेसला उभी करावी लागणार. पाच वर्षांच्या नूतनीकरणाचं ५,००० रुपये शुल्क, वर पर्यावरण कर. शिवाय सुरक्षेचा प्रश्न आहे. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल २०१९ पासून आणि चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांत सक्तीची झाली. त्याआधीच्या गाड्यांत ते व्हेरियंटवर होतं. त्यामुळे "व्हीएक्सआय आहे, फुल्ली लोडेड" एवढ्यावर थांबू नका; एबीएस आहे का, एअरबॅग किती, हे त्याच गाडीत बघा. इग्निशन ऑन केल्यावर इंजिन, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत. एबीएस-एअरबॅगचे काही सेकंदांत आणि इंजिनचा गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. दिवा विझत नसेल तर दोष आहे. एबीएस-एअरबॅग असूनही दिवा मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, आणि ते जास्त वाईट.

बघायला जाण्याआधी

मालकाकडून गाडीचा नंबर मागा. देत नसेल तर विषय संपला. एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर नोंदणीची तारीख, इंधन, विमा, पीयूसी आणि बँकेचं कर्ज दिसतं. जाहिरातीत "फर्स्ट ओनर" आणि आरसीवर तिसरा, हा प्रकार रोजचा आहे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंड बघा. तो सौद्याआधी मालकानेच भरायचा. डिझायर आणि इटिओस घेताना ती आधी टॅक्सी होती का हे हमखास विचारा. पिवळ्या पाटीवरून पांढरी करून घेतलेल्या भरपूर फिरतात, आणि त्यांच्या मीटरवरचे किलोमीटर मनावर घेण्यात अर्थ नाही.

किलोमीटर खरे की मागे फिरवलेले, हे मीटरवरून कळत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मालकाला सोबत नेऊन सर्व्हिस हिस्टरी काढा. प्रत्येक भेटीची तारीख आणि किलोमीटर तिथे नोंदलेले असतात. ४० हजारांचं मीटर आणि २०२१ च्या नोंदीत ७२ हजार, असं निघालं की बोलायचं काही उरत नाही. हिस्टरी मधेच तुटली असेल तर पेडलचं रबर, स्टिअरिंगवरची गुळगुळीत चकाकी आणि ड्रायव्हर सीटची दाराकडची कड बघा. तीस हजार किलोमीटरमध्ये पेडलच्या रेघा पुसल्या जात नाहीत.

दिल्ली पासिंगच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा आली, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. पण तिथली एनओसी, इथला कर पुन्हा एकरकमी आणि नवा नंबर, एवढं सगळं जोडलं की स्वस्ताई बरीचशी विरघळते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही कटकट नाही, नंबरही तोच राहतो.

गाडीसमोर

सकाळी उजेडात जा, गाडी कोरडी असताना. धुतलेल्या ओल्या गाडीवर पोचे आणि रंगातला फरक दिसत नाही. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहा घ्या, गप्पा मारा, दोन तासांनी बघा. इंजिन थंड असताना जे कळतं ते नंतर कळत नाही.

बोनेट उघडल्यावर नजर इंजिनवर न्यायची नाही, आधी कडेला न्यायची. हेडलाइटमागून शॉकअपच्या वरच्या टोकापर्यंत जाणारे दोन्ही बाजूंचे एप्रन बघा. कंपनीचे वेल्ड म्हणजे सारख्या अंतरावरचे छोटे गोल ठिपके. ठोकून पुन्हा जोडलेल्या एप्रनवर ते ठिपके गायब असतात, तिथे ग्राइंडरचे ओरखडे किंवा जाड, ओबडधोबड सीलंट दिसतं. बोनेटच्या बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघा. पाना लागला असेल तर कोपऱ्यांवरचा रंग उडालेला असतो. फेंडर किंवा बंपर रंगवलेला असणं यात काही विशेष नाही, आपल्याकडे पार्किंगमध्येच ते होतं. एप्रन, पिलर (छप्पर पेलणारे दारांच्या कडेचे खांब), छप्पर यांना काम झालेलं असेल तर मात्र गाडी कितीही चमकत असो, सोडा. रंगाची जाडी मोजणारा पेंट मीटर आता हजार-दोन हजारांत मिळतो. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो, दुसऱ्यांदा रंगवलेला २०० च्या वर, आणि पुट्टी असेल तर आकडा ४००-५०० च्याही पुढे पळतो.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि उत्पादनाचा कोड असतो. पुढची काच दगडाने गेलेली असू शकते. पण एका बाजूच्या दोन्ही दारांच्या काचा वेगळ्या असतील तर त्या बाजूने काहीतरी झालं आहे. टायरवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षं झालेला टायर कितीही खोल नक्षीचा असला तरी बदलायचाच. ती रक्कम भावातून वजा करा. पुढच्या टायरची आतली कड जास्त झिजली असेल तर चाकांचं अलाइनमेंट बिघडलंय किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश गेलेत.

पुरात बुडालेल्या गाड्यांकडे मी नेहमी जास्त वेळ देतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर, जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड. विमा कंपनीने टोटल लॉस (दुरुस्त करणं परवडणार नाही अशी) ठरवलेली गाडी लिलावात निघते, कुठेतरी धुऊन-सुकवून उभी राहते आणि दुसऱ्याच शहरात विकायला येते. सीट कव्हर नवं, मॅटिंग नवं, आत सुगंधी डबी. अशा गाडीत सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर ती धुऊन जात नाही. बेल्टच्या खालच्या टोकाला शिवलेल्या चिठ्ठीवर उत्पादनाची तारीख असते. ती गाडीपेक्षा नवी असेल तर बेल्ट का बदलला ते विचारा. मग सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली बारीक माती, डॅशबोर्डखाली रंग न दिलेल्या लोखंडी पट्ट्या. फ्यूज बॉक्सच्या कोपऱ्यात साचलेला गाळ कुणी साफ करत नाही. अशी गाडी आज नीट चालेल, आणि वर्षभराने वायरिंगचे जोड हिरवे पडून एकेक गोष्ट बंद पडत जाईल. मेकॅनिकलाही दोष सापडणार नाही.

कोकण किंवा गोव्यातल्या गाडीला पूर लागला नसला तरी खारी हवा लागलेली असते. ती रॅम्पवर चढवून फ्लोअर आणि जॅक लावायच्या जागा बघा. पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने दाबून पाहा.

आता इंजिन. डिपस्टिकवरचं ऑइल काळं असलं तर चालतं, दुधाळ असलं तर पाणी मिसळलंय. कूलंटच्या डब्यात तांबूस गढूळ पाणी म्हणजे वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय; रेडिएटर आणि वॉटर पंपाचा खर्च धरा. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडायचं. गाडी सुरू करताना एकाने मागे उभं राहायचं. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. थंड सकाळी थोडी पांढरी वाफ चालते. गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर आला तर हेड गॅस्केटचा (इंजिनच्या वरच्या जोडातल्या पट्टीचा) संशय. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण सैल करा. जोरात वाफ उसळून झाकण थडथडत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या आहेत.

गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोषांचे कोड मोबाइलवर दाखवणारा पाचशे-हजारांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर सोबत ठेवा. कोड दिसला नाही म्हणून खूश होऊ नका. "कोड पुसल्यापासून चाललेले किलोमीटर" हा आकडा बघा. तो आठ-दहा असेल तर तुम्ही येणार म्हणून कालच पुसलेत.

सीएनजी असेल तर किट कंपनीचं आहे का आणि आरसीवर पेट्रोल-सीएनजी अशी नोंद आहे का, हे दोन प्रश्न. टाकीची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, प्रमाणपत्र मागा. आणि टाकी डिकीतली जागा खाते, तेव्हा गावाला जाताना बॅगा कुठे ठेवणार, हेही घरात आधीच ठरवा.

चालवून बघायला किमान दहा किलोमीटर, त्यात एक चढ आणि एक खराब रस्ता. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण वेग नाही, तर क्लच घसरतोय. स्पीडब्रेकरवर खडखड आली तर लिंक रॉड किंवा बुश, हे स्वस्तात होतं. पूर्ण वळवून चालवताना कटकट आवाज आला तर एक्सल. एसी चालू ठेवून सिग्नलला पाच मिनिटं उभे राहा आणि तापमानाचा काटा बघा.

इतकं सगळं नीट निघालं तरी शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला हजार-पंधराशे देऊन गाडी रॅम्पवर दाखवा. विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये नको.

पैसे आणि कागद

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते आरसीवरून उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी. एचपी (आरसीवरची कर्जाची नोंद) उतरलेली नसेल तर पूर्ण पैसे देऊ नका. पैसे बँकेतूनच द्या आणि डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही लिहा. त्या दिवशी सकाळी सिग्नल कुणी तोडला हा वाद नंतर होत नाही. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. "नंतर करू" यात विकणाऱ्याचाच धोका मोठा: अपघात झाला तर नोंदीवर ज्याचं नाव, भरपाई त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

विमा गाडीसोबत येतो असं समजून लोक गप्प बसतात. थर्ड पार्टी भाग आपोआप येतो, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी १४ दिवसांत पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी लागते. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) त्याचा त्याच्याकडेच राहतो, त्यामुळे फरकाची रक्कम तुम्हाला भरावी लागेल. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागलेली आहे का तेही बघा. नसेल तर तो खर्च कोणाचा हे सौद्यातच बोला.

आणि काचेवरचा फास्टॅग. तो जुन्या मालकाच्या बँक खात्याला किंवा वॉलेटला जोडलेला असतो. त्याच्यासमोरच बंद करून घ्या, नाहीतर एका गाडीला एकच टॅग या नियमामुळे तुमचा नवा निघणार नाही.