तुम्ही विचारलंत म्हणून: 'गेट' म्हणजे नक्की काय?

माझ्या इंग्रजीच्या संध्याकाळच्या बॅचला तिसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी कुणीतरी हात वर करून विचारतंच, मॅडम, गेट म्हणजे मिळणे ना, मग आय गॉट टायर्डमध्ये काय मिळालं? परवा किराणा घेताना एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईनंही हेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहूनच काढते.

मिळणे चूक नाहीये. आय गॉट अ लेटर, पत्र मिळालं. पण वुई गॉट होम ॲट टेन म्हणजे दहाला घरी पोचलो, आय डोन्ट गेट इट म्हणजे कळलं नाही, आणि मग मुलं काय करतात, वहीत एकाखाली एक वीस अर्थ लिहितात, पाठ करतात आणि बोलायची वेळ आली की एकही आठवत नाही. मीही तसंच केलेलं. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होतं, पहिलीपासून आलं ते 2000 साली, आणि माझ्या शब्दार्थाच्या वहीत गेटसमोर फक्त 'मिळणे' होतं, त्या एका शब्दानं मला किती वर्षं अडवलं ते माझं मला माहीत.

आता आपलं लागणे घ्या. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, दार लागतं, यायला वेळ लागतो, पोरगं रडायला लागतं आणि मग त्याला कडेवर घ्यावंच लागतं. ही यादी कुणी तुमच्याकडून पाठ करून घेतली होती का? नाही ना. लागणेच्या आधी काय आलंय त्यावरून तुम्ही अर्थ घेता, तो आपोआप लागतो. इंग्रजीत फक्त बाजू बदलते, गेटच्या पुढे काय आलंय ते बघायचं. पुढे वस्तू असली तर मिळणे किंवा आणणे (गेट मी सम वॉटर, पाणी आण जरा), जागा असली तर पोचणे, आणि वेट, अँग्री, मॅरिड असं काही अवस्थेचं आलं तर होणे. इट्स गेटिंग लेट म्हणजे उशीर व्हायला लागलाय. बघा, लागणे आलंच परत.

हे सगळ्यांना दोन दिवसांत जमतं. खरी अडचण पुढे आहे आणि तिच्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घालवते.

माझी एक विद्यार्थिनी पुण्यात नोकरीला लागली, तिचे लंडनच्या लोकांशी कॉल असायचे. एका सोमवारी ती सहज म्हणाली, आय कट माय हेअर. पलीकडच्या बाईंनी कौतुकानं विचारलं, स्वतः कापलेस? हिला 'नाही, पार्लरमध्ये' एवढंच सांगायचं होतं पण वाक्यच जुळेना, आणि पुढचा अख्खा कॉल ती गप्प बसली. रात्री मला फोन करून रडली, की मॅडम मला काहीच येत नाही. मला फार वाईट वाटलं, कारण तिचा मराठी विचार अगदी बरोबर होता. आपण म्हणतोच की, मी केस कापले, बाबांनी घर बांधलं, काकांनी विहीर खणली. काकांनी स्वतः कुदळ हातात घेतली होती का असं कुणी विचारत नाही, ज्यानं काम काढलं, पैसे घातले, त्याच्या नावावर क्रियापद जातं. इंग्रजीत तसं बोललं की ऐकणाऱ्याला वाटतं काम याच्याच हातचं. तिथे गेट लागतं: आय गॉट माय हेअर कट. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. आणि मराठीत याला जोड आहे, करून घेणे. घर रंगवून घेतलं, गाडी सर्व्हिसिंग करून घेतली, ब्लाउज शिवून घेतला. वाक्यात 'करून घेतलं' बसत असेल तर बिनधास्त गेट वापरा.

माणूस मध्ये आला की 'टू' येतो. आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप, प्लंबरकडून नळ दुरुस्त करून घेतला. इथे मेड वापरलं असतं तर जबरदस्तीनं करायला लावलं असा सूर आला असता, गेटमध्ये समजावून, चारदा फोन करून, मागे लागून काम करून घेतल्याचा भाव असतो.

अजून एक जागा जपून. आय गॉट टू मीट हर म्हणजे तिला भेटायला मिळालं, आणि आय हॅव गॉट टू मीट हर म्हणजे तिला भेटावंच लागणार. एका हॅवनं आनंदाची सक्ती होते. आणि भरभर बोलताना तो हॅव जवळजवळ गिळलाच जातो, ऐकू येतं नुसतं गॉटा, तेव्हा मागचंपुढचं ऐकूनच ठरवायचं.

शब्द मुळात इंग्रजीच्या घरचा नाही, हेही मला सांगायला आवडतं. व्हायकिंग लोक इंग्लंडात येऊन राहिले, त्यांच्या नॉर्स भाषेतलं हे गेटा, धरणे, मिळवणे. इंग्रजीत त्याच कुळातला शब्द आधीपासून होता पण पुढे काहीतरी जोडूनच यायचा, त्यातला फर्गेट आजही आहे, म्हणजे धरलेलं हातातून सुटणे. विसरणेला यापेक्षा चांगला शब्द मला सुचत नाही.

राहिलं बस-ट्रेनचं. ज्यात उभं राहता येतं, चालता येतं, त्या बस-ट्रेनला गेट ऑन, गेट ऑफ. कारमध्ये वाकून शिरावं लागतं, म्हणून गेट इन, गेट आउट, आणि रिक्षालाही तेच. आपण मात्र गेटिंग डाउन ॲट दादर म्हणतो, ते सरळ आपल्या उतरण्यातून आलंय. लंडनमध्ये गेट डाउन म्हटलं की टेबलावरून, भिंतीवरून खाली उतर असं वाटतं. बाहेर जाणाऱ्यांना मी गेट ऑफची सवय करायला सांगते. इथे लोकलच्या दारात कुणी गेटिंग डाउन? विचारलं तर मी हो म्हणते आणि उतरते, कारण विचारणाऱ्यालाही कळलेलं असतं आणि मलाही.